सदतीस दिवसांत पेटलेला युरोप

२८ जून १९१४. साराजेवोत १९ वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपनं ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळ्या घातल्या. ही ठिणगी, दारूगोळा आधीच साठला होता. ऑस्ट्रियानं सर्बियावर ठपका ठेवला. सर्बियामागे रशिया, रशियाशी करारबद्ध फ्रान्स, ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी. फ्रान्सवर चालून जाण्यासाठी जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं आणि ४ ऑगस्टला ब्रिटनही पहिल्या महायुद्धात उतरलं.

ब्रिटनच्या अंमलाखालच्या हिंदुस्थानला कुणी विचारलंच नाही, तरी इथली १० लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांनी कुतला घातलेल्या वेढ्यात मराठा पलटणीही अडकल्या. उपासमारीनंतर एप्रिल १९१६मध्ये शरणागती आली आणि तुर्कांच्या कैदेत कित्येक जण मेले. त्यांची आठवण आपण फारच कमी ठेवली.

या युद्धानं रशियन, जर्मन, ऑस्ट्रो-हंगेरियन, ऑटोमन अशी चार साम्राज्यं कोसळली. व्हर्सायचा तह झाला तोही २८ जूनलाच, १९१९ साली. वीस वर्षांनी जर्मन रणगाडे पोलंडमध्ये होते.