क्रीडा मंडळासाठी सौरऊर्जा : पॅनेल किती, बॅटरी किती?

तुळजापुरात सूर्यप्रकाशाची वानवा नाही. बालाघाटच्या डोंगररांगेवरील या गावी पावसाळ्याचे काही आठवडे वगळले तर वर्षभर लख्ख ऊन असते. खात्री नसते ती संध्याकाळच्या विजेची. शाळा, शेतीची कामे आटोपून मुले मैदानावर येतात, तीच दिवेलागणीची वेळ. त्याच वेळी वीज गेली की सराव थांबतो. अंधारातून घरी कसे यायचे, या काळजीने पालक मुलींना पाठवणेच बंद करतात. धाराशिव हा खो-खोचा जिल्हा आहे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला खो-खो संघाचे नेतृत्व करणाऱ्या आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या सारिका काळे याच जिल्ह्याच्या. तेव्हा मैदानावरचा दिवा ही येथे किरकोळ बाब नव्हे.

पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकानंतर आपल्या धर्मग्रामांतून सौरऊर्जेची चर्चा वाढली. व्हॅटिकनने मात्र त्याआधीच, २००८ साली, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात पॉल सहावे सभागृहाच्या छतावर सुमारे २,४०० पॅनेल बसवली होती. पुढे २१ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोमजवळील सांता मारिया दी गालेरिया येथील नियोजित सौरप्रकल्पासाठी आदेशपत्र काढले. त्याचे नाव 'फ्रातेल्लो सोले', म्हणजे बंधू सूर्य. संत फ्रान्सिस सूर्याला बंधू म्हणत असत.

धर्मग्रामांच्या आणि गावोगावच्या मंडळांच्या समित्यांवर आपले अनेक बंधुभगिनी काम करतात. त्यांच्यात एक गैरसमज सार्वत्रिक आढळतो : पॅनेल बसवली की वीज गेली तरी दिवे जळणार. तसे होत नाही. महावितरणच्या तारांना जोडलेली साधी सौरयंत्रणा पुरवठा खंडित होताच, भर उन्हातदेखील, आपोआप बंद पडते. ही यंत्रणेतील उणीव नव्हे. खांबावर दुरुस्तीसाठी चढलेल्या वायरमनच्या अंगावर आपल्या छतावरची वीज जाऊ नये, म्हणून ती मुद्दाम केलेली सोय आहे. रात्री तर पॅनेल काहीच देत नाहीत.

मग अशा यंत्रणेचा उपयोग काय? दिवसा तयार झालेली वीज नेट मीटरमधून बाहेर जाते, रात्री वापरलेली आत येते, आणि बिल फरकाचे येते. म्हणजे महावितरणच आपली पेढी. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमच्या छतावर २०१९-२० च्या सुमारास ८२०.८ किलोवॅटची सौरयंत्रणा उभारली गेली. मुंबईत वीज क्वचितच जाते. तिथल्या क्लबाला मुख्यतः बिल कमी करायचे असते. तुळजापूरच्या मंडळाला बिलही कमी करायचे आहे आणि खंडित पुरवठ्यात मैदानही उजळ ठेवायचे आहे. या दुसऱ्या कामाला बॅटरी आणि ग्रिड, पॅनेल, बॅटरी या तिन्हींना सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो.

बॅटरी महाग असते. म्हणून आधी हिशेब मांडावा. समजा, खो-खोच्या मैदानाला २०० वॅटचे आठ एलईडी फ्लडलाइट आहेत. एकूण भार १.६ किलोवॅट, अडीच तासांच्या सरावाला ४ युनिट. आपल्या भागात १ किलोवॅटची पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देतात आणि त्यांना साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. म्हणजे दिव्यांपुरते १ किलोवॅट पुरेल असे वाटते. पण पाण्याचा पंप, कार्यालयातील पंखे आणि ढगाळ दिवस धरले तर ३ किलोवॅट योग्य. बॅटरीवर मात्र सगळा भार टाकण्याचे कारण नाही. वीज गेल्यावर आठपैकी चार दिवे आणि फाटकावरचा एक बल्ब चालला तरी सराव पुरा होतो, मुली उजेडात बाहेर पडतात. त्याला दोन-सव्वादोन युनिट पुरतात. विक्रेता दुप्पट-तिप्पट क्षमता सुचवील. समितीने आपला कागद पुढे करावा.

शिसे-आम्लाची ट्युब्युलर बॅटरी स्वस्त पडते. पण ती रोज निम्म्याहून अधिक रिकामी केली तर लवकर निकामी होते, आणि तिच्यात वेळोवेळी शुद्ध पाणी घालावे लागते. सार्वजनिक संस्थेत हे पाणी घालणे सर्वांचे काम असते, म्हणजे कोणाचेच नसते. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी महाग, परंतु ती ८० ते ९० टक्के वापरता येते आणि साधारण दहा वर्षे टिकते. आमचा कल तिच्याकडे आहे. कोणतीही घेतली तरी ती मॅट आणि जाळ्या ठेवण्याच्या कोंदट खोलीत ठेवू नये; सावलीची, हवा खेळती असलेली जागा हवी.

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पॅनेल स्वतः साठ अंशांच्या पुढे तापतात आणि उत्पादन दहा टक्क्यांहून अधिक घटते. म्हणून पत्र्याला चिकटवून न बसवता खाली हवा जाईल इतके अंतर सोडावे. मराठवाड्यात वळवाच्या पावसाबरोबर विजा पडतात. अर्थिंग आणि तडितरक्षक यांत काटकसर नको. धूळ पुसावी लागतेच, पण २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले हे ज्या मुलखाने पाहिले, त्याला पाणी जपून वापरा हे सांगायला नको. पहाटे पॅनेल थंड असताना मऊ फडक्याचा ओला बोळा पुरतो.

पैशांबाबत एक खुलासा. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आणि गृहनिर्माण संस्थांसाठी आहे. क्रीडा मंडळ त्यात बसत नाही. तशी आशा दाखवणाऱ्याकडून लेखी मागावे. वर्षअखेर उरलेल्या युनिटांचा मोबदलाही कमी दराने मिळतो, त्यामुळे गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवून कमाई होईल, हा विचार सोडावा. बिलात दरमहा जी बचत होईल तिचा काही भाग पहिल्या महिन्यापासून वेगळ्या खात्यात ठेवावा. दहा वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ येईल, तेव्हा आजच्या समितीतले बहुतेक जण समितीत नसतील.