दुसरा प्रोसेसर : खर्च करण्यापूर्वी आणि नंतर

संस्थेचा, शाळेचा किंवा कार्यालयाचा सर्व्हर मंदावला, की ‘त्यात आणखी एक प्रोसेसर टाका’ असा सल्ला देणारे लगेच भेटतात. सल्ला फुकट मिळतो, प्रोसेसर मात्र मिळत नाही. वर्गणी आणि देणगीतून जमलेला पैसा अशा कामी लागणार असेल, तर हे प्रकरण काय आहे ते सभासदांनी आणि विद्यार्थ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून. परंतु आमचे रोजचे काम सर्व्हरच्या भरवशावर चालत असल्याने हा विषय आम्हांला समजून घ्यावा लागला. तो साध्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

अनेक संगणकांची कामे एका जागी करून देणारा मुख्य संगणक म्हणजे सर्व्हर, आणि त्यातील आकडेमोड करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. बँकेत एकच खिडकी असेल आणि रांग दारापर्यंत गेली असेल, तर दुसरी खिडकी उघडल्याने रांग कमी होते. पण सही करणारा अधिकारी एकच असेल, तर तीच रांग खिडकीवरून उठून त्याच्या टेबलापाशी जाते. भिवंडीकरांना हे मागांवरून चटकन उमगेल. माग वाढविले, पण साइझिंगमधून बीम वेळेवर आले नाहीत, तर वाढविलेले माग नुसते उभे राहतात.

हाच हिशेब जीन ॲम्डाल या अमेरिकन तज्ज्ञाने १९६७ साली मांडला. समजा, एक काम १०० मिनिटांचे आहे. त्यातील ६० मिनिटांचे काम वाटून करता येते आणि ४० मिनिटांचे एकामागून एकच करावे लागते. दोन प्रोसेसर लावले तर ६० ची ३० होतील, पण ४० तशीच राहतील. म्हणजे काम ७० मिनिटांत होईल, ५० मध्ये नव्हे. प्रोसेसर चार केले तरी ५५ मिनिटे लागतील, आणि कितीही वाढविले तरी ४० च्या खाली जाता येणार नाही.

अनेक प्रोसेसर एकत्र जुंपण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांमुळे हवे तसे महासंगणक मिळेनात, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. एकच अतिवेगवान प्रोसेसर घेण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक चिप एकमेकींस जोडून त्यांच्या चमूने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. मात्र चिप जोडून भागले नाही. काम त्यांच्यात वाटून देणारी ‘पारस’ ही आज्ञावलीही त्यांना तयार करावी लागली. आपल्या लहानशा सर्व्हरलाही हाच नियम लागू आहे.

म्हणून खरेदीपूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, अडथळा कोठे आहे? गर्दीच्या वेळी प्रोसेसर सतत शंभर टक्क्यांच्या जवळ असेल तरच पुढे जावे. मेमरी अपुरी किंवा डिस्क मंद असेल, तर आधी त्यावर खर्च करावा. दुसरी, मदरबोर्डवर दुसरे सॉकेट आहे काय? नसेल तर विषय तेथेच संपला. तिसरी, नवा प्रोसेसर जुन्याच मॉडेलचा हवा. केवळ वेग सारखा असून चालत नाही, उत्पादकाच्या यादीत ती जोडी असावी लागते. चौथी, सोबतच्या वस्तू. हीटसिंक, काही सर्व्हरमध्ये जादा पंखे आणि पुरेशा क्षमतेचा वीजपुरवठा लागतो. आजच्या सर्व्हरमध्ये मेमरीचे स्लॉट प्रोसेसरगणिक वाटलेले असतात, म्हणून दुसऱ्या प्रोसेसरला स्वतःची मेमरी द्यावी लागते. काही सॉफ्टवेअरचे परवाना शुल्क प्रोसेसर किंवा कोर मोजून आकारले जाते, तेही आधी विचारून घ्यावे.

बसविण्याचे काम सुटीच्या दिवशी करावे. प्रथम बॅकअप घ्यावा व तो उघडतो याची खात्री करावी. बायॉस अद्ययावत करण्यास सांगितले असेल तर ते प्रोसेसर बसविण्यापूर्वी करावे. सर्व्हर रीतसर बंद करून सर्व वीजतारा काढाव्यात. अनेक सर्व्हरना दोन वीजपुरवठे असतात, हे विसरू नये. अंगातील स्थिर विजेने चिप निकामी होऊ शकते, म्हणून मनगटी पट्टा बांधावा. प्रोसेसर कडेने धरावा, कोपऱ्यावरील त्रिकोणी खूण सॉकेटवरील खुणेशी जुळवावी आणि जोर न लावता अलगद ठेवावा. बऱ्याच सर्व्हरमध्ये नाजूक पिना सॉकेटमध्येच असतात. एक वाकली तरी बोर्ड बदलण्याची पाळी येऊ शकते. हीटसिंकवर उष्णतावाहक लेप नसेल तर तो थोडाच लावावा आणि स्क्रू माहितीपुस्तिकेतील क्रमाने आवळावेत. सुरू केल्यावर बायॉसमध्ये आणि नंतर कार्यप्रणालीत दोन्ही प्रोसेसर व सर्व मेमरी दिसते काय, ते पाहावे. पूर्वीचेच काम पुन्हा करून किती वेळ वाचला ते लिहून ठेवावे.

आणखी एक पर्याय ध्यानात ठेवावा. एकाच चिपमध्ये अनेक कोर असण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. त्यामुळे कित्येकदा दुसरा प्रोसेसर जोडण्यापेक्षा आहे तो बदलून जास्त कोरचा घेणे स्वस्त पडते.

विद्यार्थी मित्रांनो, भिवंडीच्या गोदामांपासून बँकांपर्यंत सर्वत्र संगणक आहेत आणि ते सांभाळणारी माणसे लागतात. पेचकस धरणे महिनाभरात शिकता येईल. पण काम कोठे अडले आहे हे शोधून, ‘या खर्चाची गरज नाही’ असे पुराव्यानिशी सांगू शकणाऱ्या तंत्रज्ञावरच लोक पुढे विश्वास टाकतात. सभासदांनीही यापुढे कोटेशनवर सही करण्यापूर्वी एवढाच प्रश्न विचारावा : रांग नेमकी कोठे लागली आहे?