शिकेकाई आणि टाळूवरच्या खपल्या

वसईच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानी शिकेकाई, रिठा, आवळकाठी आणि नागरमोथा तोलून घेणारी, किंवा वाडीतल्या जास्वंदीची पाने पाण्यात चुरून तो बुळबुळीत रस केसांना चोळणारी मंडळी आजही पुष्कळ आढळतात. ही वहिवाट जपण्याजोगीच आहे. परंतु टाळूस लाली, कंड आणि तेलकट खपल्या आणणाऱ्या त्वचादाहावर हाच रामबाण इलाज होय, हा समज रुग्णाचे महिनेच्या महिने वाया घालवतो, म्हणून त्याचा समाचार घेणे अगत्याचे आहे.

मूळ चूक निदानातच होते. खपल्या दिसताच डोके कोरडे पडले असे गृहीत धरून रात्री खोबरेल चोपडण्याचा सल्ला घरोघर मिळतो. वस्तुतः हा विकार टाळू, भुवया, नाकाच्या कडा अशा तैलग्रंथी विपुल असलेल्या जागीच होतो, कारण बहुतेक सर्वांच्या त्वचेवर वसणारी ‘मॅलॅसेझिया’ ही सूक्ष्म बुरशी, स्वतःची मेदाम्ले तयार करण्यास असमर्थ असल्यामुळे, त्वचेवरील तेलावरच पोसली जाते आणि तिच्या उद्योगातून सुटणारी काही अम्ले कित्येकांच्या त्वचेस दाह करतात. विरारहून लोकलच्या गर्दीत घामाघूम होऊन जाणाऱ्याने या दमट किनाऱ्यावर डोक्यात तेल मुरवून ठेवणे त्या बुरशीच्याच पथ्यावर पडते.

शिकेकाई आणि रिठा यांतील सॅपोनिने तेल धुऊन काढतात, आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींच्या जड पाण्यात साबणाचा जसा चिकट साका केसांत बसतो तसा त्यांचा बसत नाही, हा त्यांचा खरा गुण. मात्र भरड चूर्ण सुजलेल्या टाळूस ओरखडते, म्हणून काढा वस्त्रगाळ करूनच वापरावा. रिठ्याचा फेस डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. बुरशी आटोक्यात आणण्याच्या कामी २ टक्के किटोकोनॅझोलच्या शांपूचा आधार अधिक भक्कम आहे. तोही लावल्याबरोबर धुऊन न टाकता ३ ते ५ मिनिटे टाळूवर राहू द्यावा लागतो.

वनस्पती निरुपयोगी, असेही म्हणता येत नाही. ऑस्ट्रेलियात १२६ कोंडाग्रस्तांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५ टक्के टी-ट्री तेलाच्या शांपूने चार आठवड्यांत ४१ टक्के सुधारणा झाली. औषधाविना शांपूने ११ टक्के. पण हेच तेल काहींना ॲलर्जीही करते, तेव्हा वनस्पतिजन्य म्हणून निरुपद्रवी, हे अनुमान टिकत नाही. ‘हर्बल’ असा मजकूर छापलेल्या बाटलीतही सोडियम लॉरेथ सल्फेट हे कृत्रिम फेसकारक असू शकते. घटकांची यादी वाचावी.

हा विकार संसर्गजन्य नाही आणि एकदाच्या उपायाने कायमचा जातही नाही. बरे वाटल्यावरही औषधी शांपू आठवड्या-पंधरवड्याने चालू ठेवावा लागतो. लहान मुलाच्या टाळूवर केस तुटलेले गोल चट्टे दिसले तर मात्र घरी खटपट न करता त्वचारोगतज्ज्ञ गाठावा; ती निराळी, केसांतच शिरणारी बुरशी असू शकते, आणि तिला पोटातून औषध द्यावे लागते.