गिमवीची गोगलगाय

ग्वाल्हेरला प्राणिशास्त्र शिकवताना मी बिल्हार्झियाचा धडा काढला की विद्यार्थ्यांना वाटते, हा तर इजिप्तचा रोग! १८५१ साली थिओडोर बिल्हार्झ यांना तो कृमी कैरोत सापडला, हे खरे. पण १९५२ साली डॉ. गाडगीळ व डॉ. शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी तोच रोग असल्याचे प्रसिद्ध केले.

या कृमींची जोडपी मूत्राशयाभोवतीच्या शिरांत राहतात. टोकाला काटा असलेली अंडी मूत्राशयाची भिंत भेदून लघवीत उतरतात. रक्त जाते ते त्यामुळे. गोड्या पाण्यात अंड्यातून अळी निघते, पण तिला ठराविक गोगलगाय मिळालीच पाहिजे. गिमवीत टोपीसारख्या कवचाची चिमुकली फेरिसिया टेन्युइस तिची यजमान ठरली. तिच्यातून सुटलेल्या अळ्या पाण्यात उतरणाऱ्याच्या कातडीतून आत शिरतात. पाणी प्यायलाच हवे असे नाही!

आपल्याकडे लघवी लाल दिसली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून धन्याचे पाणी देतात. या रोगात मात्र कित्येकदा रक्त दिसते आणि दुखत काहीच नाही. अशा वेळी रोग्याला गाव आणि पोहण्याची जागा विचारावी. लघवीही दुपारची, शेवटच्या थेंबांसह घ्यावी; अंडी तिच्यात अधिक सापडतात.