घरच्या घरी वाघ कसा करायचा (आणि एकटीनं कसं राहायचं)

*(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलताना जे दोनदा-तीनदा आलं ते काढून टाकलंय, मापं नीट लिहिलीत. बाकी बोलणं जसंच्या तसं.)*

आजचा भाग थोडा वेगळा आहे. बऱ्याच जणांनी विचारलं होतं की शाळेत प्राण्याचा वेश करायचाय, बाजारातला नको, घरी कसा करायचा. मी आयुष्यात एकच वेश केलाय, वाघाचा, आणि तो कुरुंद्यात केला. त्यामुळे ही कृती सांगताना कुरुंदा पण सांगावंच लागेल. चालेल ना?

कुरुंदा म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं गाव. माझी नोकरीची पहिली नेमणूक तिथली. मी नाशिकची. चोवीस वर्षांची होईपर्यंत एकदाही एकटी राहिले नव्हते, हॉस्टेलमध्ये सुद्धा नाही. दिवाळी झाली आणि एक खोली, एका बर्नरचा गॅस, एक पातेलं, एक कुकर असा संसार मांडला. दिवसभर कामात बरं जायचं. संध्याकाळी कुलूप उघडून आत गेलं की मात्र खोलीतली शांतता अंगावर यायची. आईचा फोन आला की "सगळं छान आहे" म्हणायचे आणि फोन ठेवला की बिस्किटं खाऊन झोपायचे. डिसेंबरच्या शेवटी राजीनाम्याचं पत्र लिहून मोबाइलमध्ये ठेवलं होतं. तारीख तेवढी टाकायची बाकी होती.

अशात एक दिवस घरमालकीण काकू दारात आल्या. म्हणाल्या, "मॅडम, आमची नात सव्वीस जानेवारीला वाघ व्हायचं म्हणायली. भाड्याचा ड्रेस आणायचा तर नांदेडला जावं लागंल. तुम्हाला येतंय का कायी?"

मला येत नव्हतं. पण "येतं" म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही. कुणीतरी काहीतरी विचारलं होतं, एवढंच.

आधी वाघ ठरवा

नात आठ वर्षांची. मी विचारलं, "वाघ की वाघीण?" ती म्हणाली, "वाघच. तो चालत आलेला."

हा चालत आलेला वाघ खरा आहे बरं का. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ. २०१९ च्या फेब्रुवारीत त्याला रेडिओ कॉलर लावली आणि जूनमध्ये तो जंगल सोडून निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणातले जिल्हे पार करत, शेतातून, ओढ्यातून, रस्ते ओलांडत, आपल्या हिंगोली जिल्ह्यातूनही गेला आणि डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलरच्या नोंदींप्रमाणे नऊ महिन्यांत त्याचं चालणं झालं सुमारे ३,००० किलोमीटर. लोकांनी त्याला 'वॉकर' नाव दिलं.

तो एवढा का चालला? वाघाचं पिल्लू साधारण दोन वर्षांचं झालं की आईपासून वेगळं होतं. आईच्या हद्दीत त्याला जागा नसते, मोठे नर टिकू देत नाहीत. मग स्वतःची हद्द शोधायची: पाणी, शिकार, लपायला झाडी. म्हणजे खोली शोधत फिरण्यासारखंच झालं की. हे मला वेशाची तयारी करताना वाचायला मिळालं, आणि खरं सांगते, त्या रात्री मी जरा हसले.

तर पहिली गोष्ट: नुसतं 'वाघ' म्हणू नका, मुलाला कुठला वाघ हवाय ते विचारा. आपल्याकडे गावात बिबट्यालाही वाघच म्हणतात. पट्टे असतील तर वाघ, ठिपके असतील तर बिबट्या. कापड कापायच्या आधी हे ठरलेलं बरं.

कपडा: दोन भागांत, आणि सुतीच

अख्खा एकसंध वेश शिवू नका. लेकराला लघवीला जायचं असतं. वर एक, खाली एक, असे दोन भाग ठेवा. आम्ही दिंडीसाठी घेतलेला, चुलतभावाचा जुना पांढरा कुर्ता-पायजमा घेतला. कुर्ता कमरेच्या चार बोटं खाली कापला आणि कडा दुमडून घेतली.

कापड सुतीच पाहिजे, कारण रंग आपण घरी देणार आणि पॉलिस्टरवर तो नीट चढत नाही.

मापाबद्दल एक चूक सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. मी माप संध्याकाळी घरात घेतलं, नुसत्या फ्रॉकवर. कार्यक्रम जानेवारीतला, सकाळी सातचा. आतून स्वेटर घालायचा हे डोक्यातच आलं नाही. ऐनवेळी कुर्त्याच्या दोन्ही बाजू उसवून नाड्या लावाव्या लागल्या. थंडीतला कार्यक्रम असेल तर स्वेटर घालूनच माप घ्या.

पिवळा रंग: वसमतची हळद

रंगाचा प्रश्न काकूंनी एका वाक्यात सोडवला. "हळदीच्या गावात राहून रंग विकत आणता काय?" वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि या भागात कुणाच्याही घरात हळदीचा डबा रिकामा नसतो.

साधारण ३५० ग्रॅम कपड्याला हे प्रमाण पुरतं:

- हळद पूड ५० ग्रॅम
- तुरटी ४० ग्रॅम
- पाणी, कपडा सैल बुडेल इतकं, पाच-सहा लिटर

आधी कपडा साध्या पाण्यात उकळून खळ काढून टाका. मग कोमट पाण्यात तुरटी विरघळवून त्यात तासभर भिजवा. दुसरीकडे हळद पाण्यात पंधरा मिनिटं उकळा, त्यात ओला कपडा सोडा आणि मंद आचेवर अर्धा तास ठेवा. मधूनमधून लाकडी काठीनं हलवा, नाहीतर डाग-डाग रंग बसतो. गार झाल्यावर साध्या पाण्यातून काढा आणि सावलीत वाळवा. हळदीचा रंग उन्हात उडतो. कपड्यावर हळद सांडली की आपण तो उन्हात टाकतो ना, त्याच कारणानं.

माझं पातेलं यात बुडणारं नव्हतं. काकूंचं अंघोळीचं पाणी तापवायचं पातेलं आणलं. त्यांच्या घरी काही मागायला जायची ती माझी पहिलीच वेळ. तीन महिने एका भिंतीपलीकडे राहून.

आता गंमत. कपडा पिळताना माझ्या हाताला साबण होता. जिथे हात लागला तिथे लालभडक डाग! मला रडूच फुटलं. काकू आल्या, बघितलं आणि लिंबू कापलं. लिंबाच्या पाण्यात बुडवल्याबरोबर डाग परत पिवळा. त्या म्हणाल्या, "कुंकू कशाचं करतात मग?" बरोबर आहे. हळदीला चुना लागला की लाल होते, तसंच साबणानं किंवा सोड्यानं. हळदीतला रंग अल्कात लाल आणि आम्लात पिवळा. शाळेत लिटमसऐवजी हळदीचा कागद वापरतात तो यामुळेच. म्हणजे हा वेश साबणानं धुवायचा नाही. धुतलाच तर शेवटच्या पाण्यात लिंबू पिळा.

पट्टे: मोडकी छत्री

काळं कापड विकत घेऊ नका. मोडक्या छत्रीचं घ्या. हलकं असतं, काळंभोर असतं. कापल्यावर कडा सुटतात, तिथे पेटत्या उदबत्तीचं टोक अलगद फिरवलं की कड चिकटून बसते. हे काम मोठ्यांनीच करायचं, खिडकी उघडी ठेवून.

पट्टे सरळ पट्टीसारखे कापू नका, झेब्रा दिसतो. मधे जाड, दोन्ही टोकं निमुळती, काही मधेच तुटलेले. पाठीच्या कण्याकडून पोटाकडे उतरणारे. डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी करायची गरजच नाही, कारण खऱ्या वाघाचीही नसते. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि जंगलात कॅमेऱ्याच्या फोटोंवरून वाघ मोजतात ते यावरूनच. पोटावर पांढऱ्या कापडाचा तुकडा लावा.

शिवायला मशीन नव्हती. काकूंची होती, पण जुलै २०२२ च्या पुरात, गावात घराघरांत पाणी शिरलं तेव्हा, ती चिखलात गेली. त्यांनी ते इतक्या साधेपणानं सांगितलं की मला पुढे काय बोलावं सुचेना. मग त्यांनी सुयांची डबी काढली आणि मला धावदोरा शिकवला. जिथे ताण येतो तिथे, म्हणजे काखेत आणि मांडीशी, उलटा टाका. पाच संध्याकाळी आम्ही दोघी त्यांच्या ओसरीवर बसून पट्टे लावत होतो. जेवण आपोआप तिथेच व्हायला लागलं. मी दोन दिवस लाजले, तिसऱ्या दिवशी घरून भाजी करून घेऊन गेले.

डोकं: तोंड उघडं ठेवा

पालघर-नाशिककडच्या आदिवासी पट्ट्यात, जव्हार-मोखाड्याला बोहाडा होतो. त्यात देवांची, राक्षसांची, प्राण्यांची सोंगं असतात आणि कागदाच्या लगद्याचे मोठे रंगवलेले मुखवटे. लहानपणी मी ते पाहिलेत, म्हणून कागदच वापरायचा ठरवला. पण ती नाचणारी माणसं मोठी आणि सरावाची असतात. लहान मुलाला पूर्ण मुखवटा नको. घाम येतो, बाजूचं दिसत नाही, स्टेजच्या कडेचा अंदाज चुकतो. वाघाचं तोंड टोपीसारखं कपाळावर बसवा, मुलाचा चेहरा खाली मोकळा राहू द्या.

डोक्याच्या मापाचं पातेलं उपडं घाला, त्यावर प्लास्टिकची पिशवी ताणून बसवा. वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या मैद्याच्या खळीत भिजवून आडव्या-उभ्या लावा. दोन थर झाले की एक दिवस वाळू द्या, मग पुढचे दोन. घाई करून सहा थर एकदम लावले तर आतून ओलं राहतं आणि बुरशी धरते. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, ती इथे अजिबात नको, विषारी असतं. कान पुठ्ठ्याचे. मिशांना खराट्याच्या काड्या लावू नका, डोळ्यात जातील. जाड दोरा खळीत बुडवून सरळ वाळवा, छान ताठ होतो.

माझं एकुलतं एक पातेलं यात तीन दिवस अडकलं. तीन दिवस भात कुकरमध्ये, भाजी काकूंकडे.

शेपूट

शेपूट पायजम्याला शिवू नका. कुणीतरी ओढणारच, आणि पायजमा खाली येणार. कमरेला वेगळी नाडी बांधा आणि शेपूट त्या नाडीला. जुन्या ओढणीची नळी शिवून आत चिंध्या भरा. लांबी पोटरीच्या मध्यापर्यंत, जमिनीला टेकली तर पाय अडकतो.

आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पूर्ण वेश घालून मुलाला बसवा, उठवा, पळवा, जिना चढायला लावा. जे सुटायचं ते घरीच सुटू द्या.

मग काय झालं

एकूण खर्च १८० रुपये. दोऱ्याची रिळं, तुरटी, मैदा, काळा-पांढरा पोस्टर रंग. बाकी सगळं घरातलं, म्हणजे काकूंच्या घरातलं.

सव्वीस तारखेला नात स्टेजवर गेली. डरकाळी फोडायची ठरलेली, पण ती विसरली. माइकसमोर जाऊन म्हणाली, "मी टिपेश्वरहून चालत आलो. लई लांब आहे. आता मी इथंच राहणार." आणि खाली उतरली. लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी मागे खुर्चीवर बसले होते. मला हसू नाही आलं.

राजीनामा मी त्या दिवशी लगेच पुसला असं नाही. अजून दोन-तीन वेळा तारीख टाकावीशी वाटली. पण त्या रात्री आईला फोन केला आणि पहिल्यांदा खरं सांगितलं, की करमत नव्हतं, जेवत नव्हते, आता जरा बरं आहे. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आधी का नाही सांगितलंस गं?"

एकटं राहायला शिकणं म्हणजे सगळं एकटीनं करणं, असं मला वाटायचं. पातेलं मागायला जाणं त्यात बसतच नव्हतं. आता नवीन कुणी नोकरीला येऊन खोली घेतली की मी एवढंच सांगते: पहिल्या आठवड्यात शेजारी काहीतरी मागायला जा. साखर नको, ती दुकानात मिळते. जे परत करायला पुन्हा जावं लागेल असं काहीतरी मागा.

वाघाचं डोकं काकूंच्या ओसरीवर खुंटीला आहे. अंगाचा पिवळा आता फिका पडलाय. हळदच ती, उडणारच. पुढच्या वर्षी परत रंगवू.

चला, भेटू पुढच्या भागात. तुम्ही वेश केलात तर आधी मुलाला विचारा, कुठला वाघ.