उच्च क्षमतेची प्रकाशीय तबकडी

उच्च क्षमतेची प्रकाशीय तबकडी म्हणजे लेसर किरणांच्या साहाय्याने वाचली जाणारी आणि एका तबकडीवर साधारणपणे २५ गीगाबाइट किंवा त्याहून अधिक विदा साठवू शकणारी तबकडी होय. गृहमनोरंजनाच्या क्षेत्रात ब्लू-रे (२५ व ५० गीगाबाइट) आणि अल्ट्रा एचडी ब्लू-रे (५०, ६६ व १०० गीगाबाइट) या तबकड्या या प्रकारात मोडतात. प्रयोगशाळांमध्ये याहून शेकडो पट क्षमतेच्या तबकड्या तयार झाल्या असल्या तरी त्यांपैकी एकही घरगुती वापरासाठी बाजारात आलेली नाही. त्यामुळे या माध्यमाचे भवितव्य साठवण क्षमतेपेक्षा वाचनयंत्रांची उपलब्धता, चित्रपटनिर्मात्यांचा पाठिंबा आणि ग्राहकाला विकत घेतलेल्या कलाकृतीवर मिळणारा हक्क यांवर अधिक अवलंबून आहे.

कार्यतत्त्व

प्रकाशीय तबकडी पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकपासून बनवलेली असते. तिच्या एका थरावर आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल मार्गात अतिसूक्ष्म खळगे असतात व त्यांवर प्रकाश परावर्तित करणारा धातूचा पातळ लेप असतो. तबकडी फिरत असताना लेसर किरण भिंगातून या थरावर केंद्रित केला जातो. खळग्याची कड आली की परावर्तित प्रकाशाची तीव्रता बदलते. प्रकाशसंवेदक हा बदल टिपतो आणि त्यातून शून्य व एक या अंकांची मालिका पुन्हा मिळवली जाते. वाचताना तबकडीला कशाचाही स्पर्श होत नसल्यामुळे ती वारंवार वाचल्याने झिजत नाही.

तबकडीवर किती विदा मावेल हे लेसरचा ठिपका किती लहान करता येतो यावर ठरते. ठिपक्याचा व्यास लेसरच्या तरंगलांबीच्या सम प्रमाणात आणि भिंगाच्या न्यूमेरिकल ॲपर्चरच्या व्यस्त प्रमाणात असतो. भिंग किती रुंद कोनातून प्रकाश एकवटू शकते हे न्यूमेरिकल ॲपर्चर या अंकाने दर्शवतात. तबकड्यांच्या तीन पिढ्यांत हे दोन्ही घटक पुढीलप्रमाणे बदलत गेले :

• सीडी : तरंगलांबी ७८० नॅनोमीटर (अवरक्त), न्यूमेरिकल ॲपर्चर ०.४५, मार्गांतील अंतर १.६ मायक्रोमीटर, क्षमता सुमारे ७०० मेगाबाइट
• डीव्हीडी : तरंगलांबी ६५० नॅनोमीटर (तांबडा), न्यूमेरिकल ॲपर्चर ०.६०, मार्गांतील अंतर ०.७४ मायक्रोमीटर, क्षमता प्रतिथर ४.७ गीगाबाइट
• ब्लू-रे : तरंगलांबी ४०५ नॅनोमीटर (निळा-जांभळा), न्यूमेरिकल ॲपर्चर ०.८५, मार्गांतील अंतर ०.३२ मायक्रोमीटर, क्षमता प्रतिथर २५ गीगाबाइट

तिन्ही तबकड्यांचा व्यास १२ सेंटिमीटरच आहे. डीव्हीडी व ब्लू-रे यांच्या लेसर ठिपक्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर वरील आकड्यांवरून सुमारे ५.२ येते, आणि ४.७ गीगाबाइटला त्याने गुणल्यास ब्लू-रेच्या एका थराची क्षमता जवळपास तंतोतंत मिळते.

इतिहास

सोनी व फिलिप्स यांनी विकसित केलेली सीडी १९८२ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. ती ध्वनीसाठी होती. १९९३ मध्ये आलेल्या व्हीसीडीमुळे त्याच तबकडीवर चित्रपट पाहणे शक्य झाले. मात्र एका तबकडीवर जेमतेम सव्वा तासाचे चित्रण मावत असल्याने एका चित्रपटासाठी दोन किंवा तीन तबकड्या लागत. १९९६ मध्ये जपानमध्ये आलेल्या डीव्हीडीने ही अडचण दूर केली.

त्यानंतरच्या पिढीसाठी कमी तरंगलांबीचा लेसर आवश्यक होता. निचिया या जपानी कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९० च्या दशकात गॅलियम नायट्राइडवर आधारित निळे प्रकाश-उत्सर्जक डायोड व पुढे निळा-जांभळा लेसर विकसित केला. निळ्या डायोडच्या शोधासाठी नाकामुरा, इसामू आकासाकी आणि हिरोशी अमानो यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

फेब्रुवारी २००२ मध्ये नऊ कंपन्यांनी ब्लू-रे स्वरूपाची घोषणा केली. तोशिबाच्या पुढाकाराने एचडी डीव्हीडी हे प्रतिस्पर्धी स्वरूप पुढे आले. दोन्हींचा लेसर सारखाच होता. मात्र एचडी डीव्हीडीत संरक्षक थराची जाडी डीव्हीडीइतकीच, म्हणजे ०.६ मिलिमीटर, ठेवली होती. त्यामुळे जुन्या कारखान्यांत थोडे बदल करून तिचे उत्पादन शक्य होते, पण क्षमता प्रतिथर १५ गीगाबाइटच राहिली. ब्लू-रेचा संरक्षक थर केवळ ०.१ मिलिमीटर जाडीचा असल्याने तिच्यावर ओरखड्यांचा धोका अधिक होता. टीडीके कंपनीच्या कठीण लेपामुळे तो कमी झाला.

दोन्ही स्वरूपांचे चित्रपट २००६ मध्ये बाजारात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रात ब्लू-रे वाचनयंत्र अंगभूत होते. त्यामुळे वेगळा प्लेअर न घेताही अनेक घरांत ब्लू-रे पोहोचली. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने केवळ ब्लू-रेची निवड जाहीर केली आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडीचा व्यवसाय थांबवत असल्याचे सांगितले. एचडी डीव्हीडी घेतलेल्या ग्राहकांच्या तबकड्या सुस्थितीत राहिल्या, परंतु त्यांच्यासाठी नवे प्लेअर मिळणे बंद झाले.

अल्ट्रा एचडी ब्लू-रे

अल्ट्रा एचडी ब्लू-रेचे तांत्रिक निकष मे २०१५ मध्ये निश्चित झाले आणि २०१६ च्या प्रारंभी पहिल्या तबकड्या विक्रीस आल्या. या तबकडीवरील चित्राची विभेदनक्षमता ३८४० × २१६० पिक्सेल असून रंगांची नोंद १० बिटमध्ये केली जाते. लेसर पूर्वीचाच आहे. खळग्यांची लांबी कमी करून प्रत्येक थराची क्षमता सुमारे ३३ गीगाबाइटपर्यंत नेण्यात आली. दोन थरांच्या तबकडीत ६६ आणि तीन थरांच्या तबकडीत १०० गीगाबाइट विदा मावते.

एवढ्या क्षमतेची गरज का भासते हे एका हिशेबावरून स्पष्ट होते. वरील विभेदनक्षमतेचे, सेकंदाला २४ चौकटींचे दोन तासांचे चित्रण संपीडनाविना साठवल्यास सुमारे ५.४ टेराबाइट जागा लागेल. एचईव्हीसी या पद्धतीने संपीडन करून ते तबकडीवर बसवले जाते. सेकंदाला ८० मेगाबिट या वेगाने दोन तासांच्या चित्रपटाला ७२ गीगाबाइट लागतात. आंतरजालावरून याच विभेदनक्षमतेचा चित्रपट पाहताना हा वेग बहुधा २५ मेगाबिट किंवा त्याहून कमी असतो. म्हणजेच पिक्सेलांची संख्या समान असूनही तबकडीवर प्रत्येक चौकटीसाठी कित्येक पट अधिक विदा उपलब्ध असते. धूर, पाऊस, अंधारातील दृश्ये आणि मूळ फिल्मचे कण यांत हा फरक विशेषत्वाने जाणवतो. ध्वनीही तबकडीवर कोणतीही हानी न होता साठवता येतो.

क्षमतेची मर्यादा आणि प्रयोगशाळेतील पर्याय

ब्लू-रेनंतर ठिपका आणखी लहान करण्याचा मार्ग जवळजवळ बंद झाला आहे. तरंगलांबी आणखी कमी केल्यास प्रकाश जंबुपार पट्ट्यात जातो व तेथे पॉलिकार्बोनेट तो शोषून घेऊ लागते. न्यूमेरिकल ॲपर्चर हवेत १ पेक्षा अधिक असू शकत नाही आणि ते आधीच ०.८५ आहे. त्यामुळे संशोधकांनी तबकडीच्या जाडीचा, म्हणजे तिसऱ्या मितीचा, वापर करण्याकडे लक्ष वळवले.

थरांची संख्या वाढवणे हा पहिला मार्ग होय. पायोनियर कंपनीने २००८ मध्ये १६ थरांच्या, ४०० गीगाबाइट क्षमतेच्या तबकडीची घोषणा केली होती. थर वाढले की प्रत्येक थराकडून परतणारा प्रकाश क्षीण होतो आणि शेजारच्या थरांतील संकेत मिसळतात, ही या मार्गातील मुख्य अडचण आहे. दुसरा मार्ग होलोग्राफीचा. जनरल इलेक्ट्रिकने २००९ मध्ये ५०० गीगाबाइटची सूक्ष्म-होलोग्राफिक तबकडी प्रयोगशाळेत दाखवली. सोनी व पॅनासोनिक यांनी २०१४ मध्ये ३०० गीगाबाइटची आर्काइव्हल डिस्क जाहीर केली, परंतु ती घरांसाठी नसून संस्थांच्या दीर्घकालीन संग्रहासाठी होती.

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने वॉर्नर ब्रदर्सच्या सहकार्याने १९७८ चा ‘सुपरमॅन’ हा चित्रपट ७५ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या व २ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या तुकड्यावर लेसरने कोरून साठवला. ही विदा ७५.६ गीगाबाइट होती. शांघाय येथील संशोधकांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात १०० थरांच्या तबकडीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिची क्षमता १.६ पेटाबिट, म्हणजे सुमारे २०० टेराबाइट, असू शकते. अशा पद्धतींत लेखनासाठी फेमटोसेकंद लेसरसारखी महागडी उपकरणे लागतात आणि लेखनाचा वेगही मर्यादित असतो. साच्यातून काही सेकंदांत छापल्या जाणाऱ्या ब्लू-रेशी त्यांची किमतीच्या दृष्टीने तुलना होऊ शकत नाही. त्यांचा विचार प्रामुख्याने विदाकेंद्रांसाठी होत आहे.

मागणीतील घट

नेटफ्लिक्स या अमेरिकी कंपनीचा इतिहास हा बदल दाखवतो. १९९८ मध्ये टपालाने डीव्हीडी पाठवण्यापासून सुरुवात केलेल्या या कंपनीने २००७ मध्ये स्ट्रीमिंग सुरू केले आणि २९ सप्टेंबर २०२३ रोजी तबकड्या पाठवणे बंद केले. बेस्ट बाय या अमेरिकी विक्रेत्याने २०२४ मध्ये चित्रपटांच्या तबकड्यांची विक्री थांबवली. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकी बाजारासाठी नवे प्लेअर आणणे थांबवले. एलजीचे प्लेअरही २०२४ मध्ये बंद झाले. दूरचित्रवाणी कार्यक्रम घरी मुद्रित करून ठेवण्याची प्रथा असलेल्या जपानमध्ये पॅनासोनिकने २०२३ मध्ये आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. चित्रपट छापून विकल्या जाणाऱ्या तबकड्यांचे उत्पादन मात्र यामुळे थांबलेले नाही.

प्लेअरप्रमाणेच संगणकावरील वाचनही अवघड झाले आहे. अल्ट्रा एचडी ब्लू-रेच्या प्रतिसंरक्षण प्रणालीला अधिकृतपणे चालण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरांतील एसजीएक्स ही सुविधा लागत असे. इंटेलने वैयक्तिक संगणकांच्या पुढील पिढ्यांतून ती काढून टाकली. परिणामी जुन्या संगणकावर चालणारी तबकडी नव्या संगणकावर अधिकृत मार्गाने चालत नाही.

मालकी आणि जतन

विकत घेतलेली तबकडी ग्राहक पुन्हा विकू शकतो, कोणाला देऊ शकतो किंवा आंतरजालाशिवाय पाहू शकतो. अंकीय दुकानातून ‘विकत घेतलेला’ चित्रपट हा बहुधा केवळ पाहण्याचा परवाना असतो. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना त्यांनी खरेदी केलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम महिनाअखेरीस त्यांच्या संग्रहातून काढले जातील असे कळवले होते. पुढे नवा करार झाल्यामुळे हा निर्णय मागे घेण्यात आला. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, ग्राहकाला मिळणारी गोष्ट परवाना आहे हे स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरण्यास विक्रेत्यांना मनाई आहे.

काही कलाकृती केवळ स्ट्रीमिंगवरच प्रकाशित होतात. डिस्नीची २०२२ मधील ‘विलो’ ही मालिका मे २०२३ मध्ये त्या सेवेवरून हटवण्यात आली. अशा घटनांमुळे तबकडीकडे जतनाचे साधन म्हणून पाहणारा वर्ग तयार झाला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘ओपनहायमर’ या चित्रपटाच्या अल्ट्रा एचडी तबकड्या अनेक विक्रेत्यांकडे प्रकाशनानंतर लगेचच संपल्या होत्या.

तबकडी स्वतःही अविनाशी नाही. थरांमध्ये हवा व ओलावा शिरल्यास धातूचा लेप खराब होतो. सेंद्रिय रंगद्रव्यावर विदा लिहिणाऱ्या तबकड्या उष्णता व प्रकाशाने लवकर खराब होऊ शकतात. उष्ण व दमट हवेत त्या सावलीत, कोरड्या जागी व उभ्या ठेवणे हितावह असते.

भारतातील स्थिती

भारतात प्रकाशीय तबकडीचा प्रसार मुख्यतः व्हीसीडीमुळे झाला. हिंदी चित्रपटांबरोबरच मराठी चित्रपट व नाटकांच्या व्हीसीडीही मोठ्या प्रमाणावर निघाल्या. मोझर बेअर या भारतीय कंपनीने २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात अत्यंत कमी किमतीत चित्रपटांच्या व्हीसीडी व डीव्हीडी विक्रीस आणल्या. पुढे ही कंपनी कर्जबाजारी झाली व २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. ब्लू-रेचा वापर मात्र मर्यादित राहिला. उपग्रह वाहिन्या आणि २०१६ नंतर स्वस्त झालेले मोबाइल आंतरजाल यांमुळे बहुसंख्य प्रेक्षक व्हीसीडी व डीव्हीडीकडून थेट स्ट्रीमिंगकडे वळले.

विभागीय संकेतांच्या व्यवस्थेत ब्लू-रेसाठी भारत ‘सी’ विभागात येतो, तर अमेरिका व जपान ‘ए’ विभागात येतात. त्यामुळे तेथून आणलेली साधी ब्लू-रे येथील प्लेअरवर चालेलच असे नाही. अल्ट्रा एचडी ब्लू-रेला विभागीय संकेत नसल्याने ही अडचण येत नाही. ज्या मराठी नाटकांचे चित्रण केवळ व्हीसीडीवर उपलब्ध आहे, त्यांच्याबाबत प्लेअर दुर्मीळ होण्यापूर्वी हक्कधारकांनी त्यांची नवी प्रत करून ठेवणे जतनाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

भवितव्य

जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने १ डिसेंबर २०१८ पासून ८के प्रसारण सुरू केले. त्यातील पिक्सेल अल्ट्रा एचडीच्या चौपट असतात. मात्र ८के चित्रपटांसाठी घरगुती तबकडी बाजारात आलेली नाही. नवे स्वरूप रुजण्यासाठी चित्रपटनिर्माते, तबकडी कारखाने आणि प्लेअर बनवणाऱ्या कंपन्या या तिघांनी एकाच वेळी गुंतवणूक करावी लागते. ब्लू-रेच्या वेळी खेळयंत्रामुळे ती गती मिळाली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये मात्र तबकडी वाचनयंत्र अंगभूत नाही. ते वेगळे विकत घ्यावे लागते.

या परिस्थितीत १०० गीगाबाइटची अल्ट्रा एचडी ब्लू-रे ही गृहमनोरंजनासाठीची शेवटची मोठ्या प्रमाणावरील तबकडी ठरण्याची शक्यता अधिक आहे. संग्राहक, चित्रपट अभ्यासक आणि ग्रंथालये यांच्यासाठी मर्यादित आवृत्त्यांच्या रूपाने तिचे उत्पादन सुरू राहू शकते. तिची उपयुक्तता किती काळ टिकेल हे मुख्यतः तिला वाचणारी यंत्रे किती काळ बनवली व दुरुस्त केली जातात यावर अवलंबून असेल.