स्वेन्स बेट
स्वेन्स बेट : दक्षिण पॅसिफिक महासागरातील एक लहान प्रवाळी कंकणद्वीप. टोकेलाऊ भाषेतील नाव ओलोहेंगा. द. अक्षांश ११° ०३' व प. रेखांश १७१° ०५' यांवर ते वसले असून त्याचे भूक्षेत्र दोन चौ. किमी.हूनही कमी आहे. मध्यभागी खारकच्छ आहे. परंतु त्यास समुद्राकडे वाट नसल्याने पावसाच्या पाण्यामुळे त्याचा खारटपणा बराच कमी झालेला आहे. बेटावर नारळाची झाडी विपुल आहे.

प्रशासनाच्या दृष्टीने हे बेट अमेरिकन सामोआत मोडते. तथापि त्या प्रदेशातील मुख्य बेट टुटुइला येथून सु. ३६० किमी., तर टोकेलाऊतील फाकाओफो सु. १८५ किमी.वर आहे. टोकेलाऊची आटाफू, नुकुनोनू व फाकाओफो ही तीन कंकणद्वीपे ज्या रांगेत आहेत, तिचेच हे दक्षिण टोक होय. मौखिक परंपराही ओलोहेंगास फाकाओफोशी जोडते.

असे असता बेट अमेरिकेकडे गेले, ते मुख्यतः एका कुटुंबाच्या मालकीमुळे. १८५६ मध्ये इलाय जेनिंग्ज हा अमेरिकन आपल्या सामोअन पत्नीसह येथे स्थायिक झाला व त्याने खोबऱ्यासाठी नारळाचे मळे वाढविले. १९२० मध्ये त्याच्या मुलाच्या निधनानंतर वारसाहक्काचा वाद उद्‌भवला आणि बेटावर सार्वभौमत्व कोणाचे, हाच प्रश्न पुढे आला. तेथील रहिवाशांचे मत विचारात न घेता अमेरिकेच्या काँग्रेसने १९२५ मध्ये ठरावाने बेट अमेरिकन सामोआस जोडले. टोकेलाऊचा कारभार तेव्हा ब्रिटनकडे होता. १९२६ मध्ये तो न्यूझीलंडकडे गेला. मळ्यावरील मजूर बहुधा टोकेलाऊचेच होते. १९५३ मध्ये मालकाशी झालेल्या वादातून अनेकांना सहकुटुंब बेट सोडावे लागले.

१९८० मध्ये अमेरिका व न्यूझीलंड यांच्यात झालेल्या टोकेहेंगा करारान्वये टोकेलाऊच्या तीन कंकणद्वीपांवरील दावा अमेरिकेने सोडला, तर ओलोहेंगावरील अमेरिकेचे सार्वभौमत्व मान्य करण्यात आले. टोकेलाऊ व ओलोहेंगा ही दोन्ही नावे जोडून कराराचे नाव सिद्ध झाले. प्रत्यक्षात मात्र त्याने दोहोंमध्ये सीमारेषाच आखली. कायद्याने प्रश्न मिटला असला, तरी २००६ च्या टोकेलाऊ संविधानाच्या मसुद्यात आपल्या ऐतिहासिक बेटांमध्ये ओलोहेंगाचा उल्लेख आढळतो.

अमेरिकन सामोआच्या प्रतिनिधिगृहात बेटाचा एक प्रतिनिधी असतो. त्यास मताधिकार नाही. २०१० च्या जनगणनेत येथे १७ रहिवासी होते. २०२० मध्ये एकही नव्हता.